सॅक्रामेंटोच्या उन्हाळ्यात हेलेबोर जगवायचं तर

हेलेबोर थंड देशातलं, सावलीतलं फूल आहे, कॅलिफोर्नियाच्या आतल्या भागात ते टिकतच नाही, असं इथल्या भल्याभल्या बागकाम करणाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय आणि मला ते अजिबात पटत नाही. टिकतं, मस्त टिकतं. फक्त त्याला इंग्लंडमधल्या झाडासारखं वागवलं तर मरतं. आणि बहुतेक लोक तेच करतात, कारण जी माहिती हाताशी असते ती बरीचशी इंग्लंडमध्ये नाहीतर वर ओरेगन-वॉशिंग्टनमध्ये लिहिलेली असते. त्यांच्याकडे ती बरोबरच आहे. आपल्याकडे नाही.

आपल्याकडे म्हणजे फॉल्सम, सॅक्रामेंटोच्या पूर्वेला गाडीने अर्ध्या तासावर. इथलं हवामान ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सॅक्रामेंटोत वर्षाला साधारण ४५० ते ५०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे आपल्या सोलापूरपेक्षाही कमी, आणि तो जवळपास सगळा नोव्हेंबर ते मार्च. मे महिना लागला की आभाळ कोरडं ते थेट ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये ३८-४० डिग्री म्हणजे नेहमीचंच, आणि ६ सप्टेंबर २०२२ला तर सॅक्रामेंटो डाउनटाउनमध्ये ११६ फॅरनहाइट, म्हणजे ४६.७ डिग्री झालं होतं, तो तिथला आजवरचा रेकॉर्ड आहे. मी नागपूरची, मला ४६ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. त्या आठवड्यातही माझी हेलेबोर जगली. पानांच्या कडा करपल्या, पण फेब्रुवारीत फुलं आलीच.

का जगतात, हे कळलं की निम्मं काम झालं. हेलेबोर हे रब्बीचं झाड आहे. म्हणजे खरीप-रब्बी असं काही इथे कोणी म्हणत नाही, पण मला तरी ते तसंच डोक्यात बसलंय. पाऊस पडून गारवा आला की त्याची मुळं जागी होतात, थंडीत कळ्या येतात, जानेवारी ते मार्च फुलं, एप्रिल-मेमध्ये नवीन पानं आणि बिया, आणि कडक ऊन सुरू झालं की ते गप्प बसतं. वाढ बंद. ती त्याची सुट्टी आहे. वेगवेगळे प्रकार मिळून वीसेक असतील, त्यातले बहुतेक युरोपातले, खास करून बाल्कन भागातले, काही तुर्कस्तान-जॉर्जियाकडचे, एक चीनमधला. यातले जे भूमध्य समुद्राच्या बाजूचे आहेत त्यांच्या मूळ जागी हवामान इथल्यासारखंच आहे, हिवाळ्यात पाऊस आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. दक्षिण तुर्कस्तान आणि उत्तर सीरियातला हेलेबोरस वेसिकेरियस तर उन्हाळ्यात जमिनीवरून पार नाहीसाच होतो, पावसाळी थंडीत परत वर येतो. म्हणजे कोरडा उन्हाळा या कुळाला नवीन नाही.

म्हणून प्रकार कुठला लावायचा हा पहिला प्रश्न. माझं मत अगदी पक्कं आहे, उष्ण कोरड्या जागी सुरुवात कॉर्सिकन हेलेबोरने करा, हेलेबोरस आर्ग्युटिफोलियस. हा कॉर्सिका आणि सार्डिनिया बेटांवरचा. पान तीन भागांचं, जाड, करडट हिरवं, कडेला करवतीसारखे काटे, हाताला चांगले टोचतात. दोन-तीन फूट उंच होतो आणि फिकट पोपटी रंगाच्या वाट्यांचे भरगच्च घोस येतात. लोक नर्सरीत ते पोपटी फूल बघून पुढे जातात, त्यांना जांभळं-गुलाबी हवं असतं, पण हिवाळ्यात इथे टुले फॉग नावाचं दाट धुकं पडतं, दिवसदिवस सगळं राखाडी, तेव्हा तो पोपटी रंग रस्त्यावरून उठून दिसतो. बाकी कुठल्याही हेलेबोरपेक्षा हा जास्त ऊन सोसतो. एक झाड फार वर्षं जगत नाही हे खरं, पण आजूबाजूला स्वतःची रोपं टाकून जातं त्यामुळे जागा रिकामी राहत नाही. मायोर्का बेटावरचा हेलेबोरस लिव्हिडस याचा जवळचा नातलग, पानाला गुलाबी छटा, पण थंडीला जरा नाजूक, आणि या दोघांचा संकर म्हणजे हेलेबोरस स्टर्निआय, चंदेरी पानांचा, तोही इथे उत्तम चालतो. हेलेबोरस फीटिडस पण चालतो, झाडाखालची कोरडी सावली त्याला चालते.

रंगीत हवेत तर लेंटन रोझ म्हणून विकतात ते संकरित घ्या, तेही जमतात, फक्त सावली जास्त लागते. ख्रिसमस रोझ म्हणजे हेलेबोरस नायगर मात्र आल्प्सच्या पहाडातला, डिसेंबरमध्ये ग्रोसरीच्या दारात कुंडीत पांढराशुभ्र फुललेला असतो आणि घ्यायचा मोह होतो, त्याला इथलं ऑगस्ट झेपत नाही. घरात दोन आठवडे ठेवायला घ्या हवं तर.

आता पाणी. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण झाडं इथेच मरतात.

जुलैमध्ये दुपारी चार वाजता हेलेबोरकडे बघितलं तर जीव तुटतो. देठ जमिनीला टेकलेले, पानं छत्री मिटल्यासारखी, वाटतं गेलं आता. माझी आई उन्हाळ्यात इथे होती तेव्हा रोज पाइप हातात घेऊन मागच्या दाराशी उभी, "अगं तहानलंय ते, बघवत नाही, घाल ना थोडं पाणी." मी म्हटलं, आई नको, उद्या सकाळी उठल्यावर बघ. सकाळी सहाला ती चहाचा कप घेऊन बाहेर गेली आणि मला हाक मारली, पानं सगळी उभी होती. "म्हणजे हे ऊन टाळायला निजतंय होय," म्हणाली. तसंच आहे. जमिनीत ओल असूनही कडक उन्हात पानातून पाणी जातं तेवढं मुळांना वर पोचवता येत नाही, म्हणून पान लवतं. त्याला तहान म्हणू नका. संध्याकाळचं पान बघून पाणी घालायचं नाही, सकाळचं बघून घालायचं. सकाळीही पडलेलं असेल तर द्या, आणि त्याआधी खुरपीने तीन-चार इंच उकरून बोट घालून बघा, खाली गार-ओलसर लागलं तर तेव्हाही थांबा.

गरम जमीन आणि सतत ओल हे दोन्ही एकत्र आले की मूळकूज आणि गड्डा (देठ आणि मुळं जिथे जुळतात तो भाग) सडणं ठरलेलं. आणि गंमत बघा, मुळं सडली की पान परत लवतंच, कारण पाणी वर न्यायला मुळंच नाहीत, मग माणूस अजून पाणी घालतो, आणि आठ-दहा दिवसात देठ हातात येतो. इथल्या घरांना लॉनसाठी टायमरवरचे स्प्रिंकलर असतात, रोज दहा मिनिटं फुसफुस, त्याच्या कडेला हेलेबोर लावलं की पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात संपलंच. लॉनच्या लाइनवर ते कधीही घेऊ नका.

मी देते ते असं. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, पहाटे, मोठं आळं करून, सावकाश, खोलवर जाईल इतकं. मुळं खोल जाणारी आहेत, वरवर शिंपडून काही उपयोग नाही. दुसऱ्या उन्हाळ्यापासून दोन-तीन आठवड्यांनी एकदा. कॉर्सिकनला त्याहूनही कमी. ठिबकचे एमिटर गड्ड्यावर नको, हातभर लांब ठेवायचे. २०१५मध्ये दुष्काळात गव्हर्नर जेरी ब्राऊननी शहरांच्या पाण्यात २५ टक्के कपात लावली होती, तेव्हा इथे लोकांनी लॉन उपटून टाकली आणि त्या जागी सगळीकडे कॅक्टस आणि दगड आले. मला ते बघून कायम वाटतं, हिवाळ्यात फुलणारी आणि उन्हाळ्यात पाणी न मागणारी इतकी झाडं असताना नुसते दगड का.

आणखी एक कारण आहे ज्यामुळे सॅक्रामेंटोत हे जमतं, ते म्हणजे रात्र. दिवसा ४० झालं तरी संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्को खाडीकडून गार वाऱ्याची झुळूक, डेल्टा ब्रीझ म्हणतात ती, आत येते आणि पहाटे १५-१६ डिग्रीपर्यंत उतरतं. फॉल्समपर्यंत ती पोचेतो जरा दमलेली असते पण पोचते. झाडाला रात्री सावरायला वेळ मिळतो. फिनिक्समध्ये राहणाऱ्या मैत्रिणीने विचारलं तर मी तिला नको म्हणेन, तिकडे जुलैत कित्येक रात्री पारा ३०च्या खालीच येत नाही.

जागा म्हणाल तर पानगळीच्या झाडाखाली, यासारखी दुसरी जागा नाही. माझ्याकडे चायनीज पिस्ताश आहे, नोव्हेंबरमध्ये लालभडक होऊन सगळी पानं गाळतो, म्हणजे हेलेबोरला जेव्हा ऊन हवं तेव्हा वरचं छप्पर गायब आणि एप्रिलमध्ये पालवी फुटली की सावली तयार. क्रेप मर्टलखाली पण छान होतात. (क्रेप मर्टल आपल्या तामणाची सख्खी बहीणच, फुलं बघितली की लगेच कळतं.) झाड नसेल तर घराची उत्तरेची नाहीतर पूर्वेची बाजू. पश्चिमेची भिंत अजिबात नको, स्टको म्हणजे बाहेरचा गिलावा तापतो आणि रात्री दहापर्यंत आग ओकत राहतो. अंगणात जुना देशी ओक असेल तर तिथे कॉर्सिकन आणि फीटिडस खरंच कामाचे आहेत, कारण इथल्या ओकखाली उन्हाळ्यात नियमित पाणी दिलं तर ओकच्याच मुळांना बुरशी लागते, त्यामुळे तिथे कमी पाण्याचंच काहीतरी लागतं. फक्त ओकच्या बुंध्यापासून चांगलं लांब लावा आणि पहिल्या वर्षीचं पाणी रोपाच्या अगदी आळ्यापुरतंच द्या.

जमीन आमच्याकडे चिकणमाती, खाली दगड. हेलेबोरला चिकणमाती चालते, चिबड चालत नाही. हिवाळ्यात पाऊस लागून राहिला आणि खड्ड्यात पाणी दोन दिवस तसंच दिसलं तर ती जागा सोडा, किंवा सात-आठ इंच उंच वाफा करा. खूप शेणखत-कंपोस्ट भरलेला मऊ खड्डा करण्याच्या मी विरोधात आहे, चिकणमातीत तो पाण्याची टाकी होतो. आजूबाजूची माती रुंद भुसभुशीत करा, थोडं कंपोस्ट मिसळा, बस. किंचित चुनखडीची जमीन, थोडं अल्कधर्मी पाणी त्याला चालतं, त्यामुळे अझेलियासारखं आम्लाचं काही करत बसावं लागत नाही. लावताना गड्डा जमिनीच्या वर राहिला पाहिजे, पुरायचा नाही, आणि वरून दोन इंच पालापाचोळा, पण गड्ड्याला चिकटवून नाही.

लावायची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर, पहिला पाऊस होऊन जमीन वाफशावर आली की. नर्सरीत मात्र माल येतो जानेवारी-फेब्रुवारीत, फुलावर. लेंटन रोझ बियांपासून केलेले असतात, रंग आधी सांगता येत नाही, त्यामुळे फुलावर बघूनच घ्यावे लागतात हेही खरं. मग फेब्रुवारीत घ्या आणि त्याच आठवड्यात जमिनीत घाला, कुंडीत ठेवून नंतर लावू म्हणू नका, एप्रिलपर्यंतचा पाऊस आणि गारवा मुळांना मिळाला पाहिजे. कुंडीत कायमचं ठेवणं इथे कठीणच, कुंडी उन्हात तापते आणि मुळं भाजतात. आणि एकदा लावलं की हलवू नका, याच्या मुळांना छेडलेलं आवडत नाही, नंतर वर्षभर रुसून बसतं.

ऑक्टोबरमध्ये हवा बदलली की एकदा कंपोस्ट घालते, तेव्हा मुळं परत कामाला लागलेली असतात. उन्हाळ्यात खत अजिबात नाही. करपलेली पानं ऑगस्टमध्ये कापायला हात शिवशिवतात पण थांबा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तीच उरलेली पानं कळ्यांसाठी अन्न बनवतात. डिसेंबरमध्ये जमिनीलगत कळ्यांचे गुलाबी बोंड दिसायला लागले की मग लेंटन रोझची जुनी पानं मुळापासून कापायची, फुलं मोकळी दिसतात आणि काळ्या ठिपक्यांची बुरशी जुन्या पानावरून नव्यावर जात नाही. कॉर्सिकन आणि फीटिडसचं उलटं असतं, त्यांना खोड असतं, यंदाच्या खोडाला पुढच्या हिवाळ्यात फूल येतं, म्हणून डिसेंबरमध्ये त्यांना हात लावायचा नाही, फुलं-बिया होऊन गेल्यावर ते पिवळं पडलेलं खोड बुडातून काढायचं, तोपर्यंत शेजारी नवीन फुटवे आलेले असतात.

फेब्रुवारीत खाली बसून फूल बघा एकदा. लेंटन रोझ मान खाली घालून असतात, दोन बोटांनी हनुवटी उचलल्यासारखं वर करावं लागतं. पाच मोठ्या पाकळ्या दिसतात ना, त्या पाकळ्या नाहीतच, शाळेत शिकलो तो निदलपुंज आहे तो. खऱ्या पाकळ्यांच्या झाल्यात बारीक पोपटी नळ्या, पुंकेसरांच्या बुडाशी गोल रांगेत उभ्या, प्रत्येकीत मधाचा थेंब. मधमाशी येऊन गेली की नळ्या आणि पुंकेसर गळून पडतात, मधे शेंगा फुगायला लागतात, पण निदलं तशीच राहतात, महिना दोन महिने, रंग हळूहळू हिरवट होत जातो. एवढं टिकणारं फूल हिवाळ्यात दुसरं मला माहीत नाही. फुलदाणीत ठेवायचं असेल तर शेंगा धरायला लागलेलं फूल तोडा, कोवळं तोडलं तर तासाभरात मान टाकतं. किंवा नुसतं फूल खुडून पसरट भांड्यात पाण्यावर सोडा, आपण गुलाब-झेंडू सोडतो तसं, तेव्हा आतला सगळा ठिपक्या-ठिपक्यांचा कारभार वरून दिसतो.

त्याच वेळी मावा येतो, फुलाच्या आत आणि कोवळ्या देठावर. पाण्याचा जोरदार फवारा, दोन-तीन दिवस लागोपाठ, तेवढं पुरतं. मावा हलक्यात घेऊ नका पण, कारण ब्लॅक डेथ म्हणतात तो व्हायरस माव्यामार्फत पसरतो, शिरांवर काळ्या रेघा, वाकडीतिकडी वाढ. तसं झाड दिसलं तर मुळासकट उपटून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही.

विषाबद्दल स्पष्ट सांगते कारण घरी लहान मुलं, कुत्री असतात. सगळं झाड विषारी आहे, मुळं जास्तच, हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात त्यात, आणि चीक लागला तर कातडीची आग होते. कापताना हातमोजे घालायचेच. प्राचीन ग्रीसमध्ये वेडावर औषध म्हणून हे द्यायचे आणि किऱ्हा नावाच्या शहराला वेढा घातला तेव्हा त्यांच्या पाण्यात हेच टाकलं होतं अशी कथा आहे. कलौंजीच्या कुळातलं आहे म्हणून घरगुती औषधाच्या वगैरे फंदात कोणी पडू नका. या विषाचा फायदा एवढाच की फॉल्सममध्ये संध्याकाळी हरणं येऊन गुलाब, जास्वंद सगळं साफ करतात, हेलेबोरला तोंड लावत नाहीत.

रंगांचं वेड लागलं तर त्याला अंत नाही. ओरेगनमधल्या यूजीनला एर्नी आणि मॅरिएटा ओबर्न या जोडप्याने वर्षानुवर्षं निवड करून विंटर ज्युअल्स नावाच्या मालिका तयार केल्या, डबल पाकळ्यांच्या, जर्दाळू रंगाच्या, जवळजवळ काळ्या. त्याआधी १९७१मध्ये एलिझाबेथ स्ट्रँगमनला तेव्हाच्या युगोस्लाव्हियात रानातच डबल फुलांची दोन झाडं सापडली होती, नंतरच्या कितीतरी डबल जातींमध्ये त्यांचं रक्त आहे. इथे माझा अनुभव असा की साध्या पाच पाकळ्यांची झाडं उन्हाळा जास्त सहज काढतात, पण डबल हवंच असेल तर सगळ्यात गार कोपरा त्याला द्या.

पुण्या-नागपूरहून विचारतात लोक, आम्ही लावू का. मनापासून सांगते, नको. ऊन ही अडचण नाहीये, पाऊस आहे. आपल्याकडे पाऊस पडतो तो उकाड्यात, जून ते सप्टेंबर, म्हणजे बरोब्बर याच्या झोपेच्या वेळी जमीन गरम आणि चिंब, आणि हिवाळ्यात जेव्हा याला पाणी हवं तेव्हा कोरडं, शिवाय फुलायला लागते तशी सलग थंडी पण नाही. महाबळेश्वरला गारवा आहे पण तिथला पाऊस याला झेपणार नाही.

बियांचं राहिलं. मे-जूनमध्ये शेंगा शिवणीवर उकलतात, आत काळ्या चकचकीत बिया, प्रत्येकीच्या पाठीवर पांढरी मऊ पट्टी. मुंग्या त्या पट्टीसाठी बी ओढत नेतात, पट्टी खातात, बी टाकून देतात, म्हणून रोपं कधी कधी पार फरशीच्या फटीत उगवतात. बी सुकवून डबीत ठेवू नका, उगवायला फार वेळ घेतं मग. ताजंच, त्याच दिवशी पेरा, पालापाचोळ्याखाली किंचित ओलसर राहील असं, त्याला आधी उन्हाळ्याची ऊब लागते आणि मग थंडी, दोन्ही क्रमाने. डिसेंबर-जानेवारीत कोंब वर येतात. फूल यायला तीनेक वर्षं जातात.

या वर्षी कॉर्सिकनची भरपूर रोपं उगवतील असं दिसतंय, पिस्ताशखाली बिया नुसत्या सांडल्यात. जानेवारीत खरी पानं आली की चार इंचाच्या कुंड्यांत काढून ठेवीन. फॉल्सम, रोझव्हिल, एल्क ग्रोव्ह, जवळपास कोणीही असाल तर सांगा आणि येऊन घेऊन जा, फक्त येताना जागा ठरवून या, लॉनच्या स्प्रिंकलरपासून लांबची.